उन्मादाची लक्षणे : ओळख आणि सापेक्ष निदान

कायचिकित्सेच्या अभ्यासक्रमातील उन्मादाचा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. पाच प्रकार, प्रत्येकाची चार-सहा लक्षणे, कल्याणक घृत आणि ब्राह्मी एवढे लिहिले की गुण मिळतात. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र हा रुग्ण असे नाव घेऊन येत नाही. तो येतो झोप लागत नाही म्हणून, भूक गेली म्हणून, डोके रिकामे वाटते म्हणून. पुष्कळदा तो स्वतः येतच नाही. आई येते, थोरला भाऊ येतो, आणि ‘गेले चार महिने याचे चित्त थाऱ्यावर नाही’ एवढेच सांगतो. तोवर त्या घराने बहुधा दोन-तीन ठिकाणचे अंगारे आणलेले असतात, एखादी ‘बाहेरची बाधा’ ठरलेली असते, आणि मुलाची नोकरी किंवा शिक्षण सुटलेले असते. मनोरोगतज्ज्ञापर्यंत पोचण्यापूर्वी असा रुग्ण ज्या दोन पायऱ्या चढतो, त्या म्हणजे गावचा वैद्य आणि कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान. म्हणूनच हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांसमोर मांडावासा वाटला.

आधुनिक वैद्यकात ज्याला सायकोसिस म्हणतात, तो एक रोग नव्हे. तो लक्षणसमूह आहे. ज्वर म्हटल्याने जसे निदान पूर्ण होत नाही, तसेच हे आहे. वास्तवाशी असलेला संबंध तुटणे हे त्यातील मध्यवर्ती सूत्र. स्किझोफ्रेनिया हे त्याचे सर्वांत परिचित कारण. पण तीव्र उन्मादावस्था म्हणजे मॅनिया, गंभीर अवसाद, मेंदूचे व शरीराचे इतर आजार, तसेच विष आणि औषधे यांतूनही तेच चित्र उभे राहू शकते. जगभरात साधारणतः दर ३०० ते ३५० लोकांमागे एकास स्किझोफ्रेनिया असतो असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. आपल्या तालुक्याची लोकसंख्या डोळ्यांसमोर आणली तर हा रोग दुर्मीळ नाही, हे लक्षात येईल.

आठ विभ्रम

चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात उन्मादाची जी व्याख्या केली आहे, ती आजही रुग्णतपासणीसाठी अत्यंत उपयुक्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद. ही केवळ यादी नव्हे. रुग्णासमोर बसल्यावर कोणत्या आठ गोष्टी पाहायच्या, याचा तो आराखडा आहे. चक्रपाणींनी त्यावर केलेले विवेचनही याच दृष्टीने वाचावे.

मनाचा विभ्रम म्हणजे जे चिंतनीय आहे त्याचे चिंतन सुटणे आणि जे नाही त्याचे सुरू होणे. हा विभ्रम बोलण्यात दिसतो. रुग्णाला ‘आज सकाळपासून काय काय केले?’ असे विचारावे आणि दोन मिनिटे मध्ये न बोलता ऐकावे. निरोगी मनुष्य आडवळणे घेतो, पण मूळ रस्त्यावर परत येतो. या रुग्णाचे एक वाक्य दुसऱ्याला धरून राहत नाही. दुधाविषयी सुरू झालेले बोलणे गवळी, कृष्ण, काळा रंग, पोलीस असे घसरत जाते. कधी वाक्य अर्ध्यावर तुटते आणि तो गप्प होतो. विचारल्यावर ‘विचार कोणीतरी काढून घेतला’ असे सांगतो. हे उत्तर मिळाल्यास ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. आपले विचार काढून घेतले जातात, दुसऱ्याचे विचार आपल्या डोक्यात घातले जातात किंवा आपले विचार सर्वांना ऐकू जातात, हे अनुभव जर्मन मनोरोगतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी स्किझोफ्रेनियाच्या निदानात विशेष महत्त्वाचे मानले होते. ते केवळ त्याच रोगात दिसतात असे आता मानले जात नाही. तथापि त्यांचे वजन कमी झालेले नाही.

बुद्धीचा विभ्रम म्हणजे हिताला अहित आणि प्रियाला अप्रिय समजणे. संभ्रम, ज्याला इंग्रजी ग्रंथांत डिल्यूजन म्हणतात, तो येथे येतो. आई जेवणात विष घालते, शेजारी पाळत ठेवतात, दूरदर्शनवरील निवेदक आपल्याविषयीच बोलतो, मोबाइलमधून आपले सर्व बोलणे कोठेतरी पाठवले जाते, हे सर्व संभ्रम. पूर्वी करणी आणि मूठ मारणे होते, नंतर रडार आणि रेडिओ आले, आता मोबाइल आहे. काळ बदलतो तसा संभ्रमाचा पोशाख बदलतो. आतली रचना तीच राहते. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. करणी झाली आहे असे मानणारी संपूर्ण वाडी उन्मादग्रस्त नसते. समाजात रुजलेली समजूत ही समजूत आहे, संभ्रम नव्हे. ज्या समजुतीत रुग्ण घरातही एकटा पडलेला असतो, जी कोणत्याही पुराव्याने हलत नाही आणि जिच्यामुळे त्याचे खाणे-पिणे-वागणे बदलले आहे, ती संभ्रमाच्या कक्षेत जाते.

संज्ञाज्ञानाचा विभ्रम सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्याकडून सर्वांत कमी विचारला जाणारा. कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा सायकोसिसमधील प्रमुख भास. रुग्ण तो आपणहून क्वचितच सांगतो. आपल्याला वेडा ठरवतील अशी भीती त्याला असते. म्हणून प्रश्न सहज, पोटाविषयी विचारावा तशाच स्वरात विचारावा. ‘झोप नीट नसली की काहींना एकटे असताना कोणी बोलल्यासारखे ऐकू येते, तुम्हाला तसे होते का?’ होकार आला तर पुढे जावे. एकच आवाज आहे की दोघे आपसांत बोलतात? तुमच्याशी बोलतात की तुमच्याविषयी? तुम्ही उठलात, बसलात की त्यावर टीका करतात का? आणि शेवटचा प्रश्न कधीही सोडू नये : ते काही करायला सांगतात का? स्वतःला इजा करण्यास किंवा दुसऱ्यास मारण्यास सांगणारा आवाज असेल, तर तो रुग्ण त्याच दिवशी मनोरोगतज्ज्ञांकडे गेला पाहिजे. अशा वेळी घृत देऊन आठ दिवसांनी बोलावणे हे औषध नव्हे.

एकटाच हसणारा, पुटपुटणारा, मान एका बाजूस कलती करून काहीतरी ऐकत असल्यासारखा बसणारा रुग्ण नकार देत असला, तरी निरीक्षण नोंदवावे. आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून कानात कापूस घालून ठेवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांपैकी एकास नातेवाइकांनी कर्णशूल समजून आणले होते.

स्मृतीविषयी थोडे सावध राहावे. स्किझोफ्रेनियात रुग्णाला वार, ठिकाण, माणसे सामान्यतः ओळखू येतात. ज्याला आज कोणता दिवस, आपण कोठे आहोत हेच कळत नाही आणि ज्याची जाणीव तासागणिक कमी-अधिक होते, त्याच्यात दुसऱ्याच दिशेने शोध घ्यावा. त्याविषयी पुढे येईलच.

भक्ती म्हणजे येथे आवड, इच्छा. शील म्हणजे स्वभाव. या दोहोंचा विभ्रम डोळ्यांवर येत नाही, पण घरच्यांना तोच आधी जाणवलेला असतो. मित्रांत रमणारा मुलगा दार लावून बसतो, रोज व्यायाम करणारा अंथरुणातून उठत नाही, शांत मुलगी चिडखोर होते. चेष्टा आणि आचार यांत विचित्र हावभाव, तासन्तास एकाच स्थितीत राहणे, उगाच फिरणे, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, कचरा साठवणे, लोकलाज सुटणे या गोष्टी मोडतात.

पूर्वरूपाचा काळ

चरकाने सांगितलेली पूर्वरूपे एकदा पुन्हा काढून वाचावीत, अशी विनंती आहे. डोके शून्य वाटणे, डोळ्यांची अस्वस्थता, कानांत ध्वनी, श्वासाचे आधिक्य, लालास्राव, अन्नद्वेष, अविपाक, हृदयप्रदेशी जखडल्यासारखे होणे, नको तेथे चिंतन व उद्वेग, वारंवार अंगावर काटा, आणि स्वप्नात सतत फिरणाऱ्या, चंचल वस्तू दिसणे. स्किझोफ्रेनियाच्या प्रकट अवस्थेपूर्वी काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत जी धूसर अवस्था असते, तिच्या आधुनिक वर्णनाशी हे चित्र बरेच जुळते. निद्रा बिघडते, एकाग्रता जाते, अभ्यासात घसरण होते, अस्पष्ट शारीरिक तक्रारी सुरू होतात. रोग बहुधा सोळा ते तिशीच्या दरम्यान उघड होतो. पुरुषांत काहीसा लवकर.

या अवस्थेतील तरुण अविपाक आणि शिरःशून्यतेसाठी आपल्याकडेच येतो, मनोरोगतज्ज्ञाकडे नाही. अर्थात बारावीत गुण कमी पडलेल्या प्रत्येक मुलाला या चष्म्यातून पाहू नये. पण अग्निदीपनाने पोट सुधारले, तरी मुलगा खोलीबाहेर येत नसेल, तर आईला बाहेर बसवून त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितका पुढील सुधार अपुरा राहतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

प्रकारांची सांगड

वातज उन्मादात अस्थानी हसणे, गाणे, नाचणे, असंबद्ध बोलणे, कृशता. पित्तजात असहिष्णुता, क्रोध, धमकावणे, नग्नता, धावणे, शीताची इच्छा. कफजात अल्प वाणी, अल्प हालचाल, एकान्ताची आवड, अतिनिद्रा. हे सर्वांना पाठ आहे. वातज म्हणजे विस्कळीत स्किझोफ्रेनिया, पित्तज म्हणजे मॅनिया, कफज म्हणजे नकारात्मक लक्षणे किंवा अवसाद, अशी बरोबरीची चिन्हे घातलेले तक्ते चर्चासत्रांत नेहमी पाहायला मिळतात. ते दिसायला सुबक असतात. मला मात्र ते पटत नाहीत. दोषभेद हा रुग्णाच्या त्या अवस्थेतील भेद आहे. एकच रुग्ण आरंभी पित्तप्रधान आणि दोन वर्षांनी कफप्रधान दिसू शकतो, आणि त्यामुळे त्याचा रोग बदललेला नसतो. आधुनिक शास्त्रानेही स्वतःचे कप्पे बदललेच आहेत. क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ आणि चढउताराचा मनोविकार असे दोन भाग केले, ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हा शब्द योजला, आणि त्याचे पॅरानॉइड, कॅटाटोनिक वगैरे जे उपप्रकार आपण शिकलो, ते २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणातून व २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतून वगळले गेले आहेत.

दोषभेदाचा खरा उपयोग अनुपान, आहार, निद्रा, पंचकर्माची योग्यायोग्यता ठरवण्यात आहे. तेवढ्यापुरता तो अमूल्य आहे.

अतत्त्वाभिनिवेश हा मात्र वेगळा विचार करण्याजोगा विषय. चरकाने तो अपस्मार चिकित्सेच्या अध्यायात सांगितला आणि त्याला महागद म्हटले. यात बुद्धीचे वैषम्य प्रधान असते. बाकीचे व्यवहार पुष्कळ अंशी शाबूत राहू शकतात. दुकान व्यवस्थित चालवणारा, हिशेब चोख ठेवणारा मनुष्य पत्नीच्या चारित्र्याविषयी अढळ संशय धरून बसतो आणि त्यापायी तिचा जीव नकोसा करतो. येथे आवाज नाहीत, बोलणे असंबद्ध नाही, म्हणून ‘हा स्वभाव आहे’ असे सर्वांना वाटते. अशा प्रकरणी पत्नीच्या सुरक्षिततेचा प्रश्न निदानाइतकाच महत्त्वाचा असतो.

संभ्रम असलेल्या रुग्णाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही देऊ नये. ‘तुम्हाला तसे वाटते आहे आणि त्याचा तुम्हाला फार त्रास होतो आहे, हे मला कळते, त्रास कमी करण्याचे पाहू’ एवढे पुरते. निद्रा आणि भीती या दोन तक्रारींवर रुग्ण बहुधा उपचारास राजी होतो.

आगन्तु उन्माद आणि बाधेचा प्रश्न

आगन्तु उन्मादाचे नाव घेऊन आपल्यातील काही जण मांत्रिकाचा मार्ग मोकळा करून देतात. त्यांनी निदानस्थानाच्या त्याच अध्यायाचा उत्तरार्ध वाचावा. जो मनुष्य स्वतःच्या कर्माने क्लिष्ट झालेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस क्लेश देत नाहीत; प्रज्ञापराधाने झालेल्या व्याधीसाठी त्यांना दोष देऊ नये, असा तेथे आशय आहे. इतक्या जुन्या काळी इतकी स्पष्ट भूमिका घेतलेली पाहून आश्चर्य वाटते.

अंगात येणे आणि उन्माद यांत भेद करावा लागतो. आरतीच्या वेळी, जत्रेत, ठरावीक वारी थोडा काळ अंगात येते, नंतर ती स्त्री पूर्ववत स्वयंपाकाला लागते, मधल्या काळात तिचे बोलणे-वागणे सुसंगत असते. हे सायकोसिस नव्हे. त्यामागे कधी घरातील घुसमट असते, कधी केवळ परंपरा. याउलट जी व्यक्ती दिवसरात्र, सर्व स्थळी, आठवडेच्या आठवडे बदललेली आहे, तिला बाधेच्या नावाखाली ठेवून घेणे घातक आहे.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. पळता येत नव्हते, म्हणून ते गेले. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि केंद्राच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. चरकाच्या चिकित्सास्थानात भय दाखवणे, बांधणे, त्रासन असे उपाय आले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. ते त्या काळाचे होते. आज ते करणे अशास्त्रीयही आहे आणि बेकायदेशीरही. त्याच अध्यायात सांत्वन, आश्वासन, इष्ट वस्तूची प्राप्ती, शोक-भय-क्रोधादि भावांवर प्रतिद्वंद्वी भावांची योजना सांगितली आहे. घ्यायचे ते हे घ्यावे.

विषज उन्माद : औषधविक्रेत्यांसाठी विशेष

सुश्रुताने उत्तरतंत्राच्या ६२ व्या अध्यायात मानसदुःखज आणि विषज असे दोन प्रकार वेगळे सांगितले. वाग्भटानेही ते मान्य केले. विषज उन्माद हा आजच्या काळात पुन्हा वाचण्याजोगा भाग आहे, कारण आजची विषे पुष्कळदा दुकानातूनच जातात.

धोत्र्याच्या बियांनी येणारी अवस्था सर्वपरिचित आहे : विस्फारित बाहुल्या, कोरडे तोंड, तप्त कोरडी त्वचा, अडलेली लघवी, हवेत वस्तू पकडणे. हेच चित्र ट्रायहेक्सीफेनिडिलच्या गोळ्या अतिमात्रेत घेतल्यानेही होते. या गोळ्या मनोविकाराच्या औषधांचा दुष्परिणाम टाळण्यासाठी दिल्या जातात, आणि नशेसाठी त्यांचा गैरवापर होतो. चिठ्ठीविना त्या देऊ नयेत. स्टिरॉइड मोठ्या मात्रेत, क्षयावरील आयसोनायझिड व सायक्लोसेरीन, काही मलेरियाविरोधी औषधे, कंपवातावरील औषधे यांनीही भास-संभ्रम उत्पन्न होऊ शकतात. संधिवातावरील ‘जादूच्या’ बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, हे आपण जाणतोच. अशा रुग्णाची झोप उडाली, अतिबडबड सुरू झाली, तर पुडीचा विचार आधी करावा. गांजाने तरुणांत उन्माद प्रकट होतो व आधी असलेला बळावतो.

मद्य सोडल्यानंतरचा उन्माद तर आपल्याकडे श्रावणात हमखास दिसतो. रोज पिणारा मनुष्य श्रावण पाळतो, आणि दोन ते चार दिवसांत हात कापू लागतात, घाम येतो, भिंतीवर किडे-साप दिसू लागतात, रात्री तो घरच्यांना ओळखत नाही. हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. त्याला तातडीने रुग्णालयात पाठवावे. तेथे शर्करायुक्त सलाइनपूर्वी थायमिन देणे आवश्यक असते.

आपल्या स्वतःच्या औषधांकडेही याच दृष्टीने पाहावे. उन्मादगजकेसरी रसात पारद, गंधक, मनःशिला यांच्यासह धत्तूरबीज आहे. स्मृतिसागर रसात पारद, हरताल, मनःशिला, ताम्र आहे. यांतील बहुतेक द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत येतात आणि वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. ‘डोके शांत राहण्यासाठी काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला ती काउंटरवरून देण्याची नव्हेत. सारस्वतारिष्टात संधानजन्य मद्यांश असतो. मद्यपानाचा इतिहास असलेल्यास ते देताना विचार करावा.

सर्पगंधेविषयी चार शब्द अधिक. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाचा लेख प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोरोगात वापर सुरू झाला. काही वर्षे ही दोन्ही औषधे जगभर बरोबरीने वापरली गेली. नंतर रिसर्पिन मागे पडले, कारण त्याने रक्तदाब फार उतरतो, काहींना गंभीर अवसाद येतो आणि कंपवातासारखी लक्षणे होतात. हा इतिहास अभिमानाचा आहे, पण तो पूर्ण सांगितला पाहिजे. निद्रेसाठी सर्पगंधा मागणारा ग्राहक अवसादाचा रुग्ण आहे का, रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या घेतो का, हे विचारल्याशिवाय ती देऊ नये.

शरीरात शोध

पुढील परिस्थितीत प्रथम शारीरिक कारण शोधावे : चाळिशीनंतर प्रथमच आलेला उन्माद, ज्वरासह आलेला, काही तासांत उद्भवलेला, डोकेदुखी-उलटी-आचके यांसह असलेला, आवाजांऐवजी मुख्यतः दृश्ये दिसणारा, आणि दिवसभरात जाणीव कमी-अधिक होणारा. मेंदूज्वर, क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ, शर्करा किंवा सोडियम उतरणे, थायरॉइडची विकृती, बी-१२ ची कमतरता, फिरंग, एचआयव्ही, अपस्मार, मेंदूतील गाठ ही त्यांतील काही कारणे. वृद्धांत साधा मूत्रमार्गाचा संसर्गही पुरतो. रात्री बडबडणाऱ्या आजोबांना ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देण्यापूर्वी लघवीची तपासणी करावी.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अकस्मात झोप उडणे, गोंधळणे, बाळाविषयी विचित्र बोलणे हे सूतिकेतील उन्मादाचे लक्षण असू शकते. हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांत तो होतो. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असल्याने येथे एक रात्रही थांबू नये, आणि तोवर बाळासह तिला एकटे ठेवू नये.

मनोरोगतज्ज्ञांचे उपचार चालू असलेला रुग्ण

असा रुग्ण आपल्याकडे येतो तो मलबद्धता, स्थौल्य, आळस किंवा थरथर घेऊन. त्याच्या गोळ्यांची पाकिटे मागवून पाहावीत. क्लोझापिन घेणाऱ्याची मलबद्धता ही साधी तक्रार नसते. तिचे पर्यवसान आंत्रावरोधात होऊन मृत्यू ओढवू शकतो. पोट फुगणे, उलटी, वेदना असल्यास चूर्ण न देता रुग्णालयात पाठवावे. क्लोझापिन घेणाऱ्याला ज्वर व घसादुखी झाली, तर पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी व्हावी. तोच रुग्ण आपल्या प्रेरणेने विडी-सिगारेट सोडणार असेल, तर तज्ज्ञांना आधी कळवावे, कारण धूम्रपान थांबताच रक्तातील क्लोझापिन वाढते. लिथियम घेणाऱ्यावर वमन, विरेचन, तीव्र स्वेदन, मूत्रल द्रव्ये, निर्लवण आहार किंवा निर्जळी उपवास यांचा प्रयोग करू नये. शरीरातील जल-लवण घटताच लिथियम विषमात्रेला पोचते. कंप, उलटी, अडखळती चाल, गुंगी ही त्याची चिन्हे. ओलांझापिनने वजन व शर्करा वाढलेल्या रुग्णास घृतपान देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हॅलोपेरिडॉलसारखे इंजेक्शन दिल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत मान एका बाजूस वळणे, डोळे वर जाणे, जबडा आखडणे होते. घरच्यांना ती बाधा वाटते, आणि एखाद्या वैद्याला अर्दित किंवा मन्यास्तंभ. तो औषधाचा दुष्परिणाम असून योग्य इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरतो. पाय सतत हलवणे, एका जागी बसवतच नाही, ही अस्वस्थताही रोग वाढल्याचे लक्षण समजून मात्रा वाढवली जाते. ती तज्ज्ञांच्या नजरेस आणावी. तीव्र ज्वर, सर्वांग ताठरणे आणि मूर्च्छा एकत्र आल्यास मात्र क्षणाचाही विलंब नको.

‘आयुर्वेदाने हा रोग बरा होतो का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, पुरावा अद्याप तोकडा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेला स्किझोफ्रेनियातील आयुर्वेदीय उपचारांच्या केवळ तीन लहान चाचण्या सापडल्या आणि त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. म्हणून चालू गोळ्या बंद करून घृत सुरू करणे मला मान्य नाही. गोळ्या चालू ठेवून निद्रा, अग्नी, दिनचर्या, सत्त्वावजय आणि कुटुंबाचे समुपदेशन यांत आपण पुष्कळ करू शकतो. २०१७ च्या कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत स्थान दिले आहे. आपल्यातील तरुण वैद्यांनी त्या शाखेकडे वळावे.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी शंभरात सुमारे पाच जणांचा शेवट आत्महत्येने होतो, आणि रोगाची पहिली वर्षे व रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे दिवस विशेष जोखमीचे असतात. ‘जगावेसे वाटत नाही का?’ हा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. तो विचारावाच. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. हा क्रमांक दवाखान्यात आणि दुकानात दर्शनी लावावा. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था १९९७ पासून रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी काम करते, आणि २००४ चा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट याच रोगावर आहे. नातेवाइकांना रोग समजावताना मी तो पाहण्यास सांगतो.

नातेवाइकांचा अखेरचा प्रश्न ठरलेला असतो : गोळ्या किती दिवस? पहिल्या झटक्यानंतर लक्षणे संपली, तरी साधारणतः किमान एक ते दोन वर्षे, पुन्हा झटका आल्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ, आणि थांबवायच्या झाल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू. ‘आता बरे वाटते’ म्हणून तिसऱ्या महिन्यात पाकीट न घेता जाणारा ग्राहक सर्वप्रथम कळतो तो औषधविक्रेत्याला. महिन्याच्या ठरल्या तारखेला तो आला नाही, तर घरी एक निरोप धाडावा.